डावीकडे झुकलेला माणूस

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा माझी अर्धी दाढी झालेली होती. उजवा गाल गुळगुळीत, डाव्या गालावर साबण... आणि कुकटपल्लीहून त्याची मुलगी मीना शांत आवाजात सांगत होती, "काका, बाबा गेले. चहा पिता पिताच. त्रास काही झाला नाही." मी बरं म्हणालो. फोन ठेवला, तोंड पुसलं, सदरा चढवला आणि हिमायतनगरच्या कोपऱ्यावर येऊन ऑटोत बसलो. ऑटोवाला पुढच्या आरशातून सारखा माझ्याकडं बघत होता, ते मला वाटलं सहानुभूतीनं. कुकटपल्लीला पोचलो तर जमलेली माणसंही तशीच बघायला लागली. दिगंबरच्या एका भाच्यानं तर मीनाला हळूच विचारलं म्हणे, की जवळच्या मित्रानं अर्धी दाढी ठेवायची आपल्याकडं पद्धत आहे का. शांतावहिनी, म्हणजे दिगंबरची बायको, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "भावजी, एक बाजू राहिली की." मग पदर तोंडाला लावला. त्या रडत होत्या की हसत होत्या, मला अजून सांगता येणार नाही. दिगंबर मात्र नक्की हसला असता. माझ्या फजित्यांचा तो जन्मभराचा प्रेक्षक. ही एवढी एकच त्याच्या हातून सुटली.

दिगंबर फोटोग्राफर होता, पण लग्नामुंजींचा नव्हे. तो इमारतींचे फोटो काढायचा. दवाखाने, कचेऱ्या, पूल, कॉलेजं... निजामाच्या वेळेपासून या शहरात जे काही उंच उभं राहिलं ते त्याच्या कॅमेऱ्यासमोर एकदा तरी उभं राहिलेलं. आम्ही दोघं परभणीकडचे, दोघांचीही घरं शेतीवाल्यांची. शिकायला म्हणून हैदराबादला आलो आणि एकाच सरकारी बांधकाम खात्यात चिकटलो. मी कारकून, तो फोटोग्राफर. त्याचा कॅमेरा म्हणजे एक लाकडी पेटी. पुढं लेन्सची फळी, मागं काच आणि दोन्हींच्या मधे लोहाराच्या भात्यासारखा घड्यांचा कातडी भाता. ती पेटी, तिची तिकटी आणि काचांची पिशवी खांद्याला लावून तो शहरभर पायी हिंडायचा, आणि त्या ओझ्यानं त्याचा डावा खांदा कायमचा खाली आला होता. चालताना, बसताना, जेवताना, दिगंबर डावीकडे झुकलेला. सगळ्या शहराच्या भिंती ओळंब्यात आणणारा हा गडी स्वतः मात्र ओळंब्यात कधी उभा राहिला नाही.

त्याला हे मान्य नव्हतं असं नाही. पण तो त्याचं सगळं खापर वहिनींवर फोडायचा. "लग्नाआधी मी चारमिनारच्या मिनारासारखा सरळ होतो," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "हिच्या बाजारच्या पिशव्या उचलून उचलून असा झालो." वहिनी चिडायच्या. मग साक्षीला मला पुढं केलं जायचं. लग्नाआधीपासून ओळखणारा मी एकटाच ना... "हौ वहिनी, सळईसारखा सरळ होता," असं मी आजपर्यंत किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही. खोटं सांगताना माझा चेहरा फार सात्त्विक दिसतो, असं दिगंबर म्हणायचा. वहिनींपाशी उलटा पुरावा काही नव्हता, कारण दिगंबरचा लग्नाआधीचा फोटोच नव्हता. आधीचाच कशाला, नंतरचाही नव्हता.

हे वाचणाऱ्याला पटणार नाही, पण जन्म फोटो काढण्यात गेलेल्या या माणसाचा स्वतःचा एक धड फोटो घरात नाही. फोटोवाल्यानं फोटोत दिसायचं नसतं, हा त्याचा नेम. स्वतःच्या लग्नातही त्यानं तो पाळला. भाड्यानं आणलेल्या फोटोग्राफरचा फोकस त्याला पसंत पडेना. जोडीचा फोटो काढायच्या वेळी खुर्चीवरून उठला, फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि त्या बिचाऱ्याला बाजूला सारून स्वतः काळ्या कपड्यात शिरला. फोकस लावून काच बसवली, तेवढ्यात कुणाच्या तरी हातून बटण दाबलं गेलं. वहिनींच्या लग्नाच्या एकुलत्या एक फोटोत त्या मुंडावळ्या बांधून बसल्या आहेत आणि शेजारच्या खुर्चीवर फेटा बसला आहे. पुढं मोबाइल आले, नाती आल्या, तरी कुणी फोन त्याच्यावर रोखला की तो उठून यायचा, "आण इकडं, तू उभी राहा, उजेड तिकडून आहे," आणि फोन काढून घ्यायचा. घरातल्या सगळ्या फोटोंत सगळे आहेत, उजेड सुंदर आहे, दिगंबर नाही. सरकारी कार्डावरचा एक चेहरा आहे. मीनानं तो मोठा करून आणला तर वहिनी म्हणाल्या, "हा कोण? पोलिसांनी धरून आणलेला दिसतोय. हा मला नको."

तेव्हा तेराव्याला पाटावर काय ठेवायचं, हा प्रश्न उभा राहिला. शेवटी मीनानं लाकडी कॅमेरा तिकटीवर उभा केला आणि त्यालाच हार घातला. गुरुजी पुन्हा पुन्हा त्या भात्याकडं बघत मंत्र म्हणत होते. जेवणं झाल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "भावजी, मला हारबीर घालायला नको आहे. पण रोज उठल्यावर बघायला काहीतरी पाहिजे. माझं वय झालं. चेहरा विसरले तर?" आणि मग, "तुमच्याकडं असेल. तुम्ही आधीपासूनचे आहात." मी हो म्हणालो. सवयीनंच म्हणालो. वहिनींना खोटं सांगायची मला सवय होतीच. माझ्याकडं एकही फोटो नव्हता... निदान मला तसं वाटत होतं.

माझ्याकडं त्याच्या आठवणी मात्र चिक्कार. त्यातल्या बहुतेकांत नायक तो आणि विदूषक मी. माझ्या मामेबहिणीचं लग्न जमत होतं तेव्हाची गोष्ट घ्या. मुलाकडची मंडळी लातूरची. त्यांनी कळवलं, मुलगी पसंत आहे, एकदा घराचाही फोटो पाठवा. मामांनी हिमायतनगरात नुकतंच दुमजली घर बांधलं होतं. मी म्हणालो, फोटोग्राफरचा मित्र आहे मी, माझ्यावर सोडा. कुणाचा तरी छोटा कॅमेरा मागून आणला, घरासमोर उभा राहिलो, गच्चीचा कठडा आत यावा म्हणून कॅमेऱ्याची मान वर केली आणि फोटो काढला. फोटोत घर असं मागं कलंडलेलं की आता धाडकन उताणं पडतंय. लातूरहून उत्तर आलं: बाकी सगळं छान आहे, पण पाया कच्चा आहे का? मामांनी आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं.

दिगंबर ते फोटोतलं घर बघून इतका हसला की त्याला ठसका लागला. मग पेटी घेऊन माझ्याबरोबर आला. समोरच्या फुटपाथवर तिकटी लावली, पातळी बघून कॅमेरा भिंतीसारखा सरळ केला आणि मला काळ्या कपड्यात घेतलं. आतल्या काचेवर घर दिसत होतं, उलटं, पण कडा अगदी सरळ. फक्त वरचा मजला अर्धा कापलेला आणि पुढं रस्ताच रस्ता. "आता बघ," तो बाहेरून म्हणाला, आणि त्यानं कॅमेऱ्याला धक्का न लावता पुढची लेन्सची फळी तेवढी हळूहळू वर सरकवली. आत काचेवर रस्ता गेला, गच्ची आली, कठडा आला, वरचं आभाळही थोडं आलं. घर जागचं हललं नाही, वाकलं नाही. कपड्यातून बाहेर आलो तर हा डावीकडे झुकून उभा. म्हणाला, "नऱ्या, डोकं वर करायचं नाही. डोळा वर करायचा. एवढंच आहे बघ." लेन्स कॅमेऱ्याच्या तोंडावर मधोमध नसून वर चढलेली होती, डोक्यावर मागं सरकलेल्या टोपीसारखी. मला ते फार गबाळं दिसलं. तेव्हा बोललो नाही, पण मनात राहिलं, आणि ते मनात राहिलेलंच पुढं मला भोवलं. मामेबहिणीचं लग्न मात्र दिगंबरच्या फोटोवर जमलं.

छप्पन साल आलं. राज्य भाषावार तुटणार हे पक्कं झालं, आणि आमच्या खात्यात सकाळ-संध्याकाळ एकच बोलणं: कोण कुठं? मराठी मुलखातले मुंबई राज्यात, कानडी मुलखातले म्हैसूर राज्यात, उरलेले इथंच. माझं नाव औरंगाबादला गेलं. दिगंबरनं मात्र काय खटपट केली कुणास ठाऊक, तो राहिला. विचारलं तर म्हणायचा, "मियाँ, इमारती इथं आहेत. त्या थोड्याच औरंगाबादला जाणार?" आमचं एक चौघांचं टोळकं होतं. मी, दिगंबर, गुलबर्ग्याचा राघवेंद्र आणि इथलाच हमीद. ऑफिसजवळच्या इराणी हॉटेलात मोठ्या आरशाखालचं टेबल आमचं. तो आरसा भिंतभर होता, हॉटेलचे मालक आगासाहेब त्याला रोज स्वतः पुसायचे. निरोपाचा फोटो काढायचा तर तिथंच, असं ठरलं. आगासाहेबांनी एकच अट घातली, "आईना सीधा आना फोटो में. बाप के जमाने का है." दिगंबर म्हणाला, "आईना सीधा आता. मैं नहीं आता."

आता ही गंमत नीट समजून घ्या, कारण सगळं इथंच आहे. आरशाचा समोरून फोटो काढायचा तर कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागचा माणूस आरशात दिसणारच. कोपऱ्यातून तिरका काढला तर आरसाही तिरका येणार. दिगंबरनं तिकटी मधोमध लावलीच नाही. डावीकडे, जिथून त्याचं स्वतःचं प्रतिबिंब फोटोच्या चौकटीबाहेर राहील अशा जागी लावली, कॅमेरा आरशाशी समांतर ठेवला आणि फक्त लेन्सची फळी उजवीकडे सरकवली. आत काचेवर आरसा अगदी सरळ, टेबल मधोमध, जणू समोरून बघतोय, आणि कॅमेऱ्याचा पत्ता नाही. राघवेंद्र आत डोकावून आला तर तो कपाळाला हात लावून म्हणाला की हा माणूस भूत आहे, याची सावली पडत नाही. दिगंबर फुगला. मागच्या काचेच्या जागी फोटोच्या काचेची चपटी पेटी बसवली. एकदा ती बसवली की आत काय दिसतंय ते पुन्हा बघता येत नाही. मग तो दारातल्या माणसांना बाजूला व्हायला सांगायला गेला, उजेड अडत होता ना. जाता जाता मला म्हणाला, "नऱ्या, तो काळा कपडा तेवढा नीट टाक आणि तुझ्या जागेवर जाऊन बस."

मी कपडा नीट टाकला. टाकताना कॅमेऱ्याच्या तोंडाकडं नजर गेली. लेन्स एका बाजूला सरकलेली. मला वाटलं, गडबडीत कुणाचा तरी धक्का लागला. कारकुनाचे हात आहेत माझे, टेबलावर टाक वाकडा पडलेला मला बघवत नाही. मित्राच्या उपयोगी पडावं म्हणून मी दोन बोटांनी ती फळी हळूच मधोमध आणली, अगदी सरळ केली, आणि समाधानानं जाऊन उजव्या कडेच्या खुर्चीवर बसलो. ती खुर्ची मी मुद्दाम धरली होती. दारातला उजेड तिथं चांगला पडत होता आणि सगळ्यांत आधी जाणारा माणूस मी होतो, फोटो माझ्यासाठी होता. दिगंबर आला, कॅमेऱ्याशेजारी उभा राहिला, लेन्सवरची टोपी काढली आणि आम्ही गंभीर दिसतोय म्हणून तोंड वेंगाडून म्हणाला, "ऐसे कैकू बैठे मियाँ, फाँसी है क्या?" आम्ही हसलो. त्यानं टोपी परत लावली. झालं.

दुसऱ्या दिवशी काचीगुडा स्टेशनावर तो गाडी सुटायच्या बेतात धावत आला, डावीकडे झुकलेला, हातात कागदात गुंडाळलेला फोटो. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. मी उघडून बघितला. खाली राघवेंद्र, हमीद, मधे चहाची किटली, आणि उजव्या कडेला एक कोपर आणि अर्धी उस्मानिया बिस्किटांची बशी. कोपर माझं होतं. निरोप ज्याचा, त्याचं एवढंच आलं होतं. आणि वर, आगासाहेबांच्या वाडवडिलांच्या आरशात, ठार मधोमध, तिकटीवर कॅमेरा आणि त्याला रेलून हा... तोंड वेंगाडलेला, हातात लेन्सची टोपी धरलेला दिगंबर.

"लेन्सला हात कुणी लावला?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, वाकडी झाली होती, मी सरळ केली. मला वाटलं आता हा मला फलाटावरच बदडतो. मग तो असा हसायला लागला की हमाल थांबून बघायला लागले. डोळे पुसून म्हणाला, "जा बाबा तू औरंगाबादला. तू इथं राहिलास तर माझा धंदा बसेल." पण फोटोतला स्वतः त्याला सहन होईना. बाकीच्यांच्या प्रतींचा वरचा आरशाचा भाग त्यानं आधीच छाटून टाकला होता. माझ्या प्रतीला वेळ मिळाला नव्हता. खिडकीतून हात घालून त्यानं माझ्या दाढीच्या सामानातली मिशांची कात्री काढली आणि गाडी शिट्टी देत असताना माझा फोटो वेडावाकडा कापला. खालचा तुकडा मला दिला. वरचा खाली फेकला, तो डब्यातच पडला. गाडी हलली.

मी पुरतं वर्षही औरंगाबादला टिकलो नाही, हे सांगायला मला आज लाज वाटत नाही. चहा आवडेना, कुणी मियाँ म्हणेना. राजीनामा दिला आणि सुलतान बाजारात मामांच्या कापडदुकानात येऊन बसलो. ज्यांनी मला हार घालून निरोप दिला होता त्यांनाच पुढं जन्मभर लुगडी-कापडं विकली. दिगंबर पहिल्या दिवशीच दुकानात आला. गादीवर टेकला आणि गिऱ्हाइकांसमोर मला म्हणाला की बरं झालं फोटोत आला नाहीस, नाहीतर परत यायला अवघड झालं असतं.

त्या फोटोची काच, म्हणजे निगेटिव्ह, त्यानं केव्हाच धुऊन टाकली होती. पुढं त्या लाकडी पेटीचेही दिवस संपले. तो निवृत्त झाला आणि शहरात काचेच्या इमारती आल्या, त्या त्याला आवडायच्या नाहीत. म्हणायचा, यांचा फोटो काढला तर समोरच्या इमारतीचाच येतो. मग मीना कामासाठी परदेशी गेली असताना तिनं त्याच्यासाठी एक लेन्स आणली. हातात मावणारी, पण वर-खाली, डावी-उजवी सरकणारी, शिवाय पुढं-मागं कलणारी. त्यानं ती हातात घेऊन एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकवून बघितली, पुन्हा सरकवली. मग म्हणाला, "मीना, माझी अख्खी पेटी यात बसवलीय की यांनी."

त्या लेन्सनं त्यानं इमारती किती काढल्या ठाऊक नाही. वहिनींचं वाळवण मात्र पुष्कळ काढलं. कुकटपल्लीच्या गच्चीवर उन्हाळ्यात कुरडया घातल्या की हा कॅमेरा घेऊन हजर. साध्या लेन्सनं जवळची कुरडई स्वच्छ येते, लांबच्या पुसट होतात. हा लेन्सचं तोंड जरासं खाली कलवायचा, की गच्चीच्या या टोकाच्या कुरडईपासून त्या टोकाच्या कुरडईपर्यंत सगळ्या सारख्या स्वच्छ, एकेक शेव मोजून घ्यावी अशा. एकदा मलाही त्यानं करून बघ म्हटलं. मी सवयीप्रमाणं उलट्या बाजूला कलवलं. सगळी गच्ची धुक्यात गेली आणि मधली एकच कुरडई धर्मराजासारखी एकटी स्पष्ट उरली. वहिनी पडद्यावर बघून म्हणाल्या, "भावजी, ती एकच नेमकी मोडकी आहे." दिगंबरनं तो फोटो मोठा करून माझ्या वाढदिवसाला भेट दिला. आमच्या दिवाणखान्यात आहे. पाहुणे विचारतात, हे काय? मी सांगतो, माझं काम.

त्याची-माझी शेवटची भेट झाली तेव्हा टीव्हीवर पुन्हा वाटणीची चर्चा लागली होती. आता कुठलं ऑफिस कुणाकडं, कोण कुठल्या राज्यात. दिगंबर खुर्चीत डावीकडे कलून चहा पीत होता. म्हणाला, "नऱ्या, बघ. निजाम, मग हैदराबाद राज्य, मग आंध्र, आता तेलंगण. खुर्चीवरून न उठता चौथ्या राज्यात चाललो मी." वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या की खुर्चीवरून कधी उठले असते तर भाजी तरी आणली असती. "आणली की," तो म्हणाला, "त्यानंच वाकडा झालो. विचार याला." आणि मी... पुन्हा साक्ष दिली. सळईसारखा सरळ होता म्हणालो. तीच माझी शेवटची साक्ष.

तेराव्यानंतर मी घरातल्या ट्रंका उपसल्या. सून म्हणाली, काय शोधताय सांगा, मी शोधते. काय सांगणार? जे नाही ते शोधत होतो. एका ट्रंकेत तळाला तो काचीगुडा स्टेशनावरचा तुकडा सापडला. राघवेंद्र, हमीद, किटली आणि माझं कोपर. राघवेंद्र, हमीद केव्हाच गेले. कोपर अजून आहे, थंडीत दुखतं. मी तो तुकडा हातात घेऊन बसलो आणि बोट वरच्या कडेवरून फिरवलं. मिशांच्या कात्रीनं केलेली ती वेडीवाकडी कड... आणि एकदम वाटलं, वरचा तुकडा कुठं गेला? तो डब्यात खाली पडला होता. मी उचलला होता का? उचलला होता. कशाला? भावना म्हणून नाही, एवढं नक्की. त्या वेळी मला स्वतःच्या कोपराचंच दुःख जास्त होतं. डोळ्यांसमोर डबा आणला. मांडीवर उघडलेलं दाढीचं सामान, त्यातला माझा लाकडी चौकटीचा आरसा, गाडीच्या हादऱ्यानं चौकटीत खडखडतोय, समोरच्या बाईंचं मूल त्या आवाजानं जागं होतंय... आणि मी काच घट्ट बसावी म्हणून चौकटीत मागून काहीतरी सरकवतोय. जाड. पुठ्ठ्याचं.

तोच आरसा. औरंगाबादला गेला, परत आला, सुलतान बाजारातल्या खोलीत होता, आता हिमायतनगरच्या न्हाणीघरात खिळ्याला आहे. रोज सकाळी मी त्यात तोंड बघतो. फोन आला तेव्हाही त्याच्यासमोरच उभा होतो. मी खिळ्यावरून तो उतरवला, मागची फळी चिमट्यानं उचकटली आणि बाजूनं खोचलेला पुठ्ठा ओढला. एक कोपरा कसरीनं खाल्लेला, कडेला पाण्याचा डाग. मधे दिगंबर. तोंड वेंगाडलेला, हातात टोपी, काळेभोर केस, कॅमेऱ्याला रेललेला.

ऑटो केली आणि तसाच कुकटपल्लीला गेलो. या वेळी दाढी दोन्ही बाजूंची राहिली होती. वहिनींनी चष्मा लावला, तुकडा घेऊन खिडकीशी गेल्या. फार वेळ पाठमोऱ्या उभ्या होत्या. मग त्या पुटपुटल्या, "हे माझ्या आधीचे आहेत." बोटानं त्या चेहऱ्यावरची धूळ पुसली. आणि मग त्यांचा आवाज बदलला.

"भावजी, इकडं या."

गेलो.

"हे लग्नाआधीचं आहे ना? छप्पनचं?"

हो म्हणालो.

"मग तेव्हाही वाकडेच होते की."

साठ वर्षांची खोटी साक्ष माझ्याच आरशामागून निघाली होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो की वहिनी, हा आरशातला फोटो आहे, आरशात उलटं दिसतं.

"उलटं दिसतं," वहिनी म्हणाल्या, "सरळ तर नाही ना दिसत?"

मीना आधी हसली. मग वहिनी हसायला लागल्या, पदर न लावता, दिगंबर गेल्यापासून पहिल्यांदाच मोकळ्या. हसता हसता त्या तुकड्याकडं बघून म्हणाल्या, "पिशव्या उचलून म्हणे..." दिगंबर असता तर त्यानं लगेच बचाव काढला असता. म्हणाला असता, बघ, तेव्हा उजवीकडे होतो, लग्नानंतर डावीकडे आलो.

मीना तो तुकडा मोठा करून घेणार होती. म्हणाली, संगणकावर डाग काढता येतो, कोपराही भरून काढता येतो, बाबांना थोडं सरळही करता येईल. वहिनी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "नको. सरळ करायला कुणी हात लावायचा नाही." आता तो त्यांच्या पलंगासमोर आहे, आहे तसा. या लेखासोबत संपादकांनी फोटो मागितला, तोही तोच दिला आहे. त्यात मी नाही. मूळ फोटोतही नव्हतो.

राहिला आरसा. मागचा पुठ्ठा गेल्यापासून काच चौकटीत एका बाजूनं आत गेली आहे. समोर उभं राहिलं तर माझं तोंड दिसत नाही, न्हाणीघराची बादली दिसते. सून म्हणाली, बाबा, एखाद्या पुठ्ठ्याची घडी करून घालते, बसेल घट्ट. मी नको म्हटलं. आरसा आहे तिथं बरा आहे. सकाळी साबण लावतो, खांदा जरा खाली सोडतो, आणि मीच थोडा डावीकडे सरकतो.